नागोबा जेवत नाहीत

ज्या प्राण्याला जेवणाची काडीइतकी घाई नाही, नेमका तोच शोधून काढायचा, पैसे मोजून घरी आणायचा आणि मग त्याने येत्या रविवारच्या आत जेवलंच पाहिजे म्हणून जीव टांगणीला लावून बसायचं, हा छंद युरोप-अमेरिकेत असंख्य माणसं मनोभावे जोपासतात. प्राण्याचं नाव बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा अजगर तीन-चार फुटांचा, अंगाने जाड, डोक्याने लहान आणि स्वभावाने अत्यंत भिडस्त. भ्याला की डोकं मध्यभागी दडवून अंगाचा चेंडू करतो, त्यावरून हे नाव पडलं. विषारी नाही, चावरा म्हणावा असा नाही, पळण्याची तर त्याला हौसच नाही. सापाच्या जातीत जन्माला येऊन इतका सोशिक स्वभाव क्वचितच पाहायला मिळतो. खोड एकच. नव्या घरी आला की तो अन्नाला शिवत नाही. आठवडा जातो, दुसरा जातो, कधी महिना जातो. गरम केलेला, चिमट्यात धरून समोर नाचवलेला मेलेला उंदीर तसाच परत जातो आणि घरातल्या माणसांची झोप उडते. विक्रेत्याला, पशुवैद्याला, अनुभवी सर्पपाळ्यांना एकच प्रश्न काकुळतीने विचारला जातो: खात नाही, काय करू? माझं म्हणणं असं की या प्रश्नातला रुग्ण बहुतेक वेळा साप नसतो. उपास साप करतो, अशक्तपणा मालकाला येतो, आणि पुढे जे उपचार सुरू होतात त्यांतले निम्म्याहून अधिक मालकाच्या प्रकृतीसाठी असतात.

हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची खरं तर गरज नाही, कारण आग्रह ही आपली जुनी विद्या आहे. पंगतीत पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला की वाढणारा त्या हाताच्या बोटांमधून जिलबी सोडतो. पाहुण्याचं पोट भरलं आहे की नाही हा त्या क्षणी मुद्दाच नसतो. मुद्दा असतो तो यजमानाच्या मनाला लागलेल्या रुखरुखीचा, आणि ती रुखरुख पाहुण्याने तिसरी जिलबी संपवल्याशिवाय मिटत नाही. ओहायोमधल्या किंवा मँचेस्टरमधल्या ज्या गृहस्थाने नुकताच बॉल पायथन आणला आहे, त्याने आयुष्यात पंगत पाहिलेली नसते, तरी तो याच घराण्यातला. फरक आहे तो पाहुण्यात. माणूस पाहुणा शेवटी भिडेखातर खातो. सापाला भीड माहीत नाही. त्याला समोरच्याचं मन राखायचं नसतं, ‘एवढं केलंय त्यांनी’ असं वाटत नसतं, आणि न खाल्ल्याने कोणी दुखावलं हे कळण्याची सोय त्याच्या मेंदूत निसर्गाने केलेली नाही. आग्रहाचं सगळं शास्त्र ज्या एका खिळ्यावर टांगलेलं असतं तो खिळाच इथे भिंतीत नाही.

सापाच्या बाजूने पाहिलं तर उपास ही त्याच्या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे. आपण आपलं रक्त गरम ठेवण्यासाठी दिवसभर अन्न जाळत बसतो. साप ती ऊब उन्हातून आणि जमिनीतून उसनी घेतो, त्यामुळे त्याचा रोजचा खर्च आपल्या मानाने किरकोळ. त्यातही अजगरवर्गाची काटकसर थक्क करणारी. स्टीफन सेकर आणि जॅरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात बर्मी अजगरांवर जे काम केलं, त्यातून दिसलं की दोन जेवणांच्या मधल्या काळात हा प्राणी आपली पचनसंस्था जवळजवळ बंद करून ठेवतो. मोठं भक्ष्य पोटात गेलं की ती पुन्हा उभी करतो: आतड्याचं वजन एक-दोन दिवसांत सुमारे दुप्पट होतं, आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च विश्रांतीच्या चाळीसपट वगैरे चढतो. म्हणजे अजगराच्या दृष्टीने जेवण हे एक बांधकाम आहे. ते काढायचं की नाही, आता काढायचं की पुढच्या महिन्यात, याचा तो विचार करणारच. त्याहून बोलका अभ्यास मार्शल मॅक्यू यांचा, २००७ साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी तीन जातींचे साप, त्यात बॉल पायथनही, १६८ दिवस उपाशी ठेवले. सापांनी आपला ऊर्जेचा खर्च जास्तीत जास्त ७२ टक्क्यांनी कमी केला, जातीजातीप्रमाणे ९ ते २४ टक्के वजन गमावलं, आणि एवढं करून लांबीला ते वाढले. साडेपाच महिने पोटात कण नसताना ज्याची उंची वाढते, त्याच्या तिसऱ्या दिवशीच्या नकाराने आपण हवालदिल व्हावं, यात शास्त्र कुठे बसतं ते मला दिसत नाही.

जिथे हा प्राणी मूळचा, तिथली माणसं हवालदिल होत नाहीत. बेनिन देशात समुद्राकाठी विदा नावाचं गाव आहे. तिथे अजगरांचं देऊळ आहे आणि त्यात हेच बॉल पायथन डझनांनी राहतात. दांगबे या सर्पदेवतेचे ते प्रतिनिधी. इतक्या मानाच्या जिवांना पुजारी रोज वाटीत काहीतरी वाढत असतील असं आपल्याला वाटेल. ते तसं करत नाहीत. ते सापांना अधूनमधून रात्री मोकळं सोडतात. साप गावात हिंडतात, जिथे काही मिळेल तिथे उंदीर-घुशी खातात, आणि सकाळी कुणाच्या घरात सापडले तर घरचा माणूस त्यांना आदराने उचलून देवळात परत आणून देतो. देव मानूनही आग्रह न करणारं हे एक गाव, आणि नुसतं पाळीव म्हणून आणलं तरी चिमटा घेऊन पाठीस लागणारी बाकीची दुनिया.

आता नव्या घरी तो जेवत का नाही, याचं उत्तर आपल्याच एका म्हणीत आहे. आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण करणाऱ्याने आफ्रिकेतला अजगर पाहिलेला असणं शक्य नाही, पण वर्णन तंतोतंत जुळतं. बॉल पायथन स्वतः बीळ खणत नाही. उंदरांनी-घुशींनी खणलेली बिळं, वाळवीची रिकामी वारुळं, यांत तो दिवसचे दिवस काढतो. घरमालक आणि जेवण एकाच पत्त्यावर, अशी ती सोय. बिळात अंधार असतो, हवा दमट असते, आणि मुख्य म्हणजे भिंती अंगाला लागतात. चारी बाजूंनी काहीतरी टेकलेलं आहे एवढीच त्याची सुरक्षिततेची कल्पना. आपण त्याच्यासाठी काय मांडतो? चार फुटी काचेची पेटी, वरून प्रखर दिवा, मागे धबधब्याचं चित्र, मधोमध एक कलात्मक फांदी, आणि ही सगळी मांडणी दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी. सगळं आयतं मिळतं. बीळ तेवढं मिळत नाही. मग जाणकार सांगतात की पेटीच्या उबदार टोकाला एक आणि गार टोकाला एक अशा दोन लपणजागा ठेवा, साप आत शिरल्यावर जेमतेम मावेल इतक्या अरुंद. काचेच्या तीन बाजू कागदाने झाकून टाका. उबदार टोक ३१-३२ अंशांवर, गार टोक २६च्या आसपास, आर्द्रता निम्म्याहून थोडी वर. तापमानावर जो भर दिला जातो तो अस्थानी नाही, कारण ऊब नसेल तर सापाला अन्न पचवता येत नाही, आणि जे पचणार नाही ते तो शहाणपणाने तोंडात घेत नाही. पेटीच्या काचेला चिकटवलेला गोल तापमापक मात्र फक्त त्या काचेचं तापमान सांगतो, ज्यात सापाला काडीचा रस नाही.

यावर व्यापारी पैदास करणारे एक जबरदस्त पुरावा पुढे करतात. त्यांच्याकडे हजारो बॉल पायथन कपाटासारख्या मांडणीत, प्लॅस्टिकच्या अंधाऱ्या खणांत राहतात आणि व्यवस्थित जेवतात. खण जितका लहान तितकी भूक चांगली, असा त्यांचा दावा असतो. दाव्यात तथ्य आहे आणि लबाडीही. अंधार आणि आडोसा मिळाला की साप खातो हे खरं. पण खातो म्हणजे सुखात आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. सापाला अंग पूर्ण ताणून सरळ होता येऊ नये इतकी लहान जागा देऊन त्याच्या जेवणाचं कौतुक करणं हा आग्रहाचाच धंदेवाईक अवतार आहे. मोठी पेटी वाईट नसते, रिकामी मोठी पेटी वाईट असते. जागा हवी तेवढी द्या, फक्त ती पानांनी, सालींनी, दगडांनी अशी भरा की मालकाला साप दिसता कामा नये. नेमकी हीच अट मालकाला जाचते. एवढे पैसे खर्चून एक पेटीभर पाचोळा पाहत बसायचं?

पाहत बसणं हीच तर गोम आहे. साप आणल्यावर पाच-सात दिवस त्याला हात लावू नका, हा सल्ला सगळेच देतात आणि सगळेच ऐकतात. पाळायला मात्र जमत नाही. कारण हात लावण्यासाठीच तर तो आणलेला. पहिल्या दिवशी शेजारी येतात. दुसऱ्या दिवशी मुलाचे मित्र येतात. तिसऱ्या दिवशी कोणी येत नाही म्हणून मालक स्वतःच झाकण उघडून पाहतो, की बाबा रुळला का. साप नुकता धीर करून डोकं बाहेर काढत असतो, तेवढ्यात आकाश उघडतं आणि वरून एक प्रचंड तोंड खाली वाकतं. जमिनीलगत राहणाऱ्या प्राण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवात वरून येणाऱ्या गोष्टी म्हणजे घारी आणि मृत्यू. तो पुन्हा चेंडू होतो. मालक झाकण लावतो आणि वहीत लिहितो, अजून रुळलेला नाही. उद्या पुन्हा पाहायला हवं.

मग युक्त्या सुरू होतात. त्यांची यादी एखाद्या जुन्या घरातल्या औषधांच्या डब्याइतकी संपन्न आहे. उंदीर केस वाळवायच्या ड्रायरने गरम करावा. उंदीर कोंबडीच्या रश्श्यात बुडवावा. टूना माशाच्या डब्यातलं पाणी त्याला चोपडावं. पांढरा उंदीर नको, तपकिरी आणावा. उंदराच्या कवटीला छेद द्यावा म्हणजे आतला वास बाहेर पडतो. हा उपाय सांगणारे सहसा तो दुसऱ्याला करायला सांगतात. साप आणि उंदीर दोघांना कागदी पिशवीत घालून रात्रभर ठेवावं. चिमट्याने उंदराला असं चालवावं की तो जिवंत वाटेल, यात तर काहींनी कळसूत्री बाहुल्यांच्या कलावंताने तोंडात बोट घालावं इतकं नैपुण्य मिळवलेलं असतं. पहिली युक्ती फसते, दुसरी फसते, पाचवी फसते. सहाव्या आठवड्यात, सहाव्या युक्तीच्या रात्री, साप विजेसारखा झेपावतो आणि उंदीर गट्ट करतो. त्या क्षणापासून मालक आयुष्यभर सहाव्या युक्तीचा प्रचारक होतो. शेवटचा उपाय नेहमीच गुणकारी ठरतो, कारण गुण आल्यावर कोणी सातवा करत नाही. सहा आठवडे नुसतं पाणी बदलून गप्प बसलेल्या माणसाचा सापही त्याच सुमारास जेवला असता. पण गप्प बसलेल्या माणसाकडे सांगायला काही नसतं, म्हणून त्याचा अनुभव कोणाच्या कानावर पडत नाही.

इथे जाणकार वाचक मला थांबवील, आणि त्याने थांबवावंच. सगळ्या युक्त्या थोतांड नाहीत. अमेरिकेतला हॉगनोज साप रानात मुख्यतः भेक खातो, त्यामुळे त्याच्या पिल्लापुढे ठेवलेलं गुलाबी उंदराचं पिल्लू हे अन्न आहे अशी त्याला शंकाही येत नाही. त्या उंदराला भेकाचा किंवा माशाचा वास लावला की पिल्लू खातं. टेक्सासमधल्या ग्रे-बँडेड किंगस्नेकची पिल्लं सरड्या-पालींवर वाढतात, तिथे उंदराच्या पिल्लाला सरड्याचा वास लावणं ही जुनी आणि यशस्वी पद्धत. ड्रायरचंही तसंच आहे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, अंधारात त्याला भक्ष्याची ऊब दिसते. फ्रीजमधून काढून नुसता मऊ केलेला उंदीर त्याच्या लेखी दगड. तो कोमट पाण्याने जिवंत उंदराच्या अंगाइतका गरम केला तर त्याला काही अर्थ येतो. मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. का, ते जेवायच्या आधी वाचणाऱ्यांसाठी सांगत नाही. तर वाद युक्ती असावी की नसावी हा नाहीच. एक प्रकारची युक्ती सापाला माहिती पुरवते: हे अन्न आहे, हे गरम आहे, हे तू पूर्वी खात होतास तेच आहे. दुसरी युक्ती त्याच्यावर दाब आणते: रोज नवा उंदीर, नाकावर टकटक, जबडा उघडून कोंबाकोंबी. पहिलीत मालकाने स्वतःच केलेली चूक दुरुस्त होते. दुसरीत फक्त मालकाचे हात कामाला लागतात. साप घेताना तो आधी काय खात होता, उंदराचं पिल्लू की घुशीचं, जिवंत की गोठवलेलं, हे विक्रेत्याला विचारलं असतं तर निम्मं रामायण टळलं असतं. पण घेणारा विचारतो रंगाबद्दल. १९९२मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी पाळलेल्या सापांतून पिवळा-पांढरा अल्बिनो बॉल पायथन पैदा केला, आणि तेव्हापासून या सापाच्या रंगछटांचा मोठा बाजार उभा राहिला. बनाना, बटर, सिनॅमन, चॉकलेट अशी त्या छटांची नावं. नाश्त्याचं आख्खं टेबल मांडून ठेवलेलं, आणि जेवायला तयार कोणी नाही.

दाब आणणाऱ्या युक्त्यांत सर्वांत वाईट म्हणजे जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपायला जाणं. मालकाची समजूत अशी की निसर्ग आपलं काम करील. निसर्ग करतोच. भुकेला नसलेला, घाबरून चेंडू झालेला साप एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला रात्रभर कोंडलेला, भुकेला, धारदार दातांचा उंदीर. सकाळी एकाचं जेवण झालेलं असतं, पण ते उंदराचं. सापांच्या पाठी मणक्यापर्यंत कुरतडलेल्या अवस्थेत पशुवैद्यांकडे येतात, हा विनोद नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. काही साप खरोखरच उपासाने मरतात, तेव्हा ‘थांबा आणि पाहा’ हा सल्ला निष्काळजीपणाचा नाही का? आहे, जर पाहणं सोडून नुसतंच थांबलं तर. नुकतं अंड्यातून आलेलं पिल्लू आणि पूर्ण वाढलेली मादी यांच्या शिलकीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. घाना, टोगो, बेनिनमधून रानातून धरून आणलेले प्रौढ साप अंगावर गोचिडी, पोटात जंत आणि डोक्यात प्रवासाची दहशत घेऊन यायचे. बॉल पायथनच्या नखऱ्यांची कीर्ती मुख्यतः त्यांनीच करून ठेवली. पिंजऱ्यातच जन्मलेली आजची पिल्लं त्या मानाने समंजस. श्वास घेताना शिट्टी वाजते, तोंडात फेस आहे, हिरड्या सुजल्या आहेत, कातडी सैल पडून पाठीचा कणा टोकदार दिसतो आहे, तर तो उपास नव्हे, आजार. आणि त्याला उपाय रस्सा नव्हे, सापांचा डॉक्टर. मधल्या सगळ्या प्रांतात न्याय करायला एकच पंच लागतो, तो म्हणजे ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा. आठ-पंधरा दिवसांतून एकदा वजन घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. दहा टक्क्यांच्या आत घट असेल तर साप उपास करतो आहे. त्यापलीकडे उतार सुरूच राहिला तर मालकाला काळजी करण्याचा रीतसर परवाना मिळतो. कात टाकायला आलेला, डोळे दुधाळ झालेला साप सहसा खात नाही. थंडीच्या दिवसांत, विणीच्या हंगामात, नर महिनोन्‌महिने खात नाहीत. अंड्यांना वेटोळं घालून बसलेली मादी दोनेक महिने बसूनच राहते. वजनकाट्याला हे सगळं मान्य असतं. त्याला रुखरुख नसते. (काटा स्वयंपाकघरातला घेऊ नये, एवढी सूचना घरातल्या इतरांच्या वतीने.)

घरातल्या इतरांचा विषय निघालाच आहे, तर न्यू जर्सीतलं एखादं मराठी घर डोळ्यांपुढे आणावं. चौदा वर्षांच्या मुलाने वाढदिवसाला कुत्रा मागितला, आईवडिलांनी फिरवायला कोण नेणार म्हणून नकार दिला, आणि तडजोडीत बॉल पायथन आला. पुण्याहून आजी सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. फ्रीझरमध्ये खवलेलं खोबरं, मटार, पुरणपोळ्यांची चवड, आणि त्यामागे एका पिशवीत, कोणीही कधीही उल्लेख न केलेले, एकाच मापाचे बारा उंदीर. आजी शुद्ध शाकाहारी. पहिले चार दिवस त्या सापाच्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत. पाचव्या दिवशी दारातून विचारतील, जेवला का गं तो? आठव्या दिवशी म्हणतील, दूध देऊन पाहिलंत का? दहाव्या दिवशी, अरे, मुकं जनावर, काहीतरी घाला त्याच्या पोटात. घरातला एकच माणूस असा निघतो की ज्याला सापाची किळस आहे आणि तरी त्याच्या उपासाने ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही. ही माया खोटी आहे असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. मी एवढंच म्हणतो की मायेला इथे करण्यासारखं फारच थोडं काम आहे: पाणी ताजं ठेवणं, ऊब बिघडू न देणं आणि दार लोटून घेणं. मॅक्यू यांच्या सापांचे १६८ दिवस आणि आजींच्या मुक्कामाचे सहा महिने यांत पंधरा दिवसांचंही अंतर नाही. तरी दोघांत आधी वजन कोण गमावील, यावर पैज लावण्यात अर्थ नाही.

दुधाचा विषय आजींनी काढला ते उगाच नाही. सापाला आग्रह करण्याची परंपरा अमेरिकेहून आपल्याकडे कितीतरी जुनी. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतल्या नागापुढे दुधाची वाटी यायची आणि तो ती प्यायचा, म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांनी साप दूध पितो हे डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं ते खरंच होतं. आठवडेच्या आठवडे पाण्याविना ठेवलेला नाग समोर येईल तो पातळ पदार्थ पितो. दूध हे त्याचं अन्न नाही, ते त्याला बाधतं आणि अनेकदा मारतं. बत्तीस शिराळ्याचे जिवंत नागांचे खेळ न्यायालयाच्या आदेशांनी थांबले, त्यामागे अशा हालांचीच पार्श्वभूमी होती. देशी साप पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथनसारख्या परदेशी जातींचीही नोंदणी सक्तीची झाली आहे. तरीही बँकॉकहून मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशांच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले बॉल पायथन सापडतात. त्या पुड्यातून निघालेल्या सापाला नव्या घरी भूक लागत नाही याचं नवल करणारा खरेदीदार कुठेतरी असेलच.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्याची सर्वोत्तम सेवा म्हणजे त्याच्या वाटेला न जाणं, तो प्राणी मुळात पाळायचाच कशाला? छंदवाले म्हणतात, तो शांत आहे, त्याचा आवाज नाही, केस गळत नाहीत, आणि रात्री दिवे मालवल्यावर तो बिळातून अर्धं अंग काढून जीभ हलवत हवा चाखत असतो तेव्हा पाहत राहावंसं वाटतं. शेवटचं कारण मला पटतं. बाकीची कारणं कुंडीतल्या निवडुंगालाही लागू आहेत. एक गोष्ट मात्र घेणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावी: हा पाहुणा लवकर जात नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली एका खाजगी मालकाकडून एक बॉल पायथन मादी आली. २०२०च्या जुलैत, साठीच्या आसपासच्या वयात, वर्षानुवर्षं नराचं तोंड न पाहता, तिने सात अंडी घातली. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत तिने किती जेवणं नाकारली असतील, आणि किती राखणदार त्या काळजीत निवृत्त झाले असतील!

आणि समजा, जमलं. मालकाने काच झाकली, ऊब नीट केली, महिनाभर दम धरला, आणि एका रात्री पेटीतून धप्प असा आवाज आला. सकाळी चिमट्यात काही नाही, सापाच्या पोटाला मधोमध फुगवटा. घरात आनंदीआनंद. आनंद साजरा करण्याची स्वाभाविक पद्धत म्हणजे सापाला उचलून छातीशी धरणं आणि फोटो काढणं. तसं केलं की तो खाल्लेला उंदीर बाहेर टाकू शकतो, आणि मग घसा आणि पोट सावरायला पुन्हा दोन आठवडे उपास. म्हणून जेवणानंतर निदान दोन दिवस हात लावायचा नाही. मालक तेही पाळतो. तिसऱ्या दिवशी पेटी पाहतो, काही नाही. आठव्या दिवशी पाहतो, काही नाही. बॉल पायथनला जे खाल्लं त्याची विल्हेवाट लावायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पण हे मालकाने अजून वाचलेलं नसतं, आणि विसाव्या दिवशी विक्रेत्याचा फोन पुन्हा वाजतो: जेवलाय हो, पण जात नाही, काय करू?